रतांबीची फीत

मी एक जुनी फीत आहे. शिंप्याची नव्हे. शिंप्याच्या गळ्यात रुळणाऱ्या फितीशी कुणी माझी बरोबरी केली तर मला खपत नाही. मी गुरांची फीत आहे. गाईच्या पुढच्या पायांच्या मागून, छातीभोवती मला गुंडाळलं की माझ्या एका बाजूला सेंटिमीटर दिसतात आणि दुसऱ्या बाजूला त्या गाईचं वजन. काटा नको, वीज नको. सध्या माझा मुक्काम दोह्यात आहे, बिन महमूदमधल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, खालून दुसऱ्या ड्रॉवरमध्ये. शेजारी संपलेले सेल, कधीच फेकून दिलेल्या टीव्हीचा रिमोट आणि कुठल्या कुलपांच्या ते कुणालाच ठाऊक नसलेल्या चाव्या.

मित्रांनो, एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मला गोड बोलता येत नाही. फीतच जर समोरच्याचं मन राखून आकडा सांगायला लागली तर तिला चुलीत घालावी. गाय हडकली असेल तर मी हडकली म्हणते. मग ती गाय कुणाची का असेना.

माझा जन्म आफ्रिकेच्या दक्षिणेला एका लहानशा कारखान्यात झाला. पिवळं जाड कापड, त्यावर मेणासारखा लेप, त्यावर काळे आकडे आणि शून्याच्या टोकाला पितळेची कडी. तिथून मी गेले बोट्सवानात, वाळवंटाच्या कडेच्या एका मोठ्या गुरांच्या माळावर. तिथे मला पहिल्यांदा हातात घेतलं ते नसरुद्दीनने.

नसरुद्दीन रत्नागिरीकडचा, खाडीकाठच्या गावचा. त्याच्या आईचे नातेवाईक कितीतरी पिढ्यांपूर्वी केप टाऊनला जाऊन राहिलेले. त्यांच्या ओळखीने हा गडी पंचविसाव्या वर्षी दुकानात काम करायला आफ्रिकेत आला. बारा-तेरा वर्षांनी दुकान बंद पडलं आणि हा गुरांत शिरला. शिरला तो रमलाच. त्याला शिकवलं मोदिसे नावाच्या म्हाताऱ्या गुराख्याने. त्या लोकांच्या भाषेत मोदिसे म्हणजेच गुराखी. आईबापांनी नाव ठेवलं आणि पोराने ते खरं केलं.

मोदिसे कमी बोलायचा, पण बोलला की लागायचं. नसरुद्दीन एकदा एका थोराड, चकचकीत परदेशी गाईवर भाळला. "काय देखणी आहे!" म्हणाला.

"देखणी आहे ना? मग घरात नेऊन भिंतीला टांग," मोदिसे म्हणाला. "इथे पाऊस चुकला की ही पहिली बसेल. ती बघ लहान, तांबडी. तिला गोचीड लागत नाही, काटेरी पाला चालतो, आणि दरवर्षी न चुकता वासरू देते. तुला गाय पाहिजे की पाहुणी?"

हा तिथला नियम होता मित्रांनो, आणि तो कठोर होता. वर्षाला एक वासरू. कोरड्या मुलखात ज्या गाईला वासरू नाही ती दुसऱ्या गाईच्या तोंडचं गवत खाते. म्हणून रिकामी राहिलेली गाय कळपातून जायची. पण त्याआधी गुराख्याने आपलं काम केलेलं असायला हवं. वळू कळपात सोडायचा तो दिवस मोजून, म्हणजे वासरं नव्या गवताबरोबर येतील. मातीत कस नाही म्हणून मिठात हाडांचा चुरा मिसळून द्यायचा. आणि गाईच्या बरगड्या बघायच्या त्या ती विण्याच्या तीन महिने आधी. "व्याल्यावर खाऊ घालणारा शहाणा," मोदिसे म्हणायचा, "पोरगी नांदायला गेल्यावर तिला स्वयंपाक शिकवतो."

त्याच्या दोन सवयी मी विसरलेले नाही. गाय व्याली की सगळे वासराकडे धावायचे. मोदिसे गाईजवळ बसून राहायचा. वार पडेपर्यंत उठायचा नाही. वार म्हणजे काय हे तुमच्यापैकी शहरातल्यांना ठाऊक नसेल. पोटात वासरू ज्या पडद्यात वाढतं ती वार. वासरानंतर काही तासांत ती पडून जावी लागते. आत राहिली तर सडते आणि गाईला घेऊन जाते. "वासरू पडलं म्हणजे काम झालं असं मानणारा अर्धाच गुराखी," मोदिसे म्हणायचा.

दुसरी सवय माझ्याबद्दलची. मला गुंडाळताना तो शून्याचं टोक कधी आत घालायचा नाही. शून्य बाहेर. पुढचं जनावर आलं की पहिली तीच कडी हाताला लागली पाहिजे. मोदिसे गेला तेव्हा त्याच्या कबरीपाशी नसरुद्दीनने मला खिशातून काढलं, उलगडलं आणि पुन्हा गुंडाळलं. शून्य बाहेर. त्याला रडता आलं नाही म्हणून त्याने ते केलं असावं.

वीस वर्षं मी त्या माळावर होते. सकाळी शेणाचा आणि धुळीचा वास, गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटा, माझ्यावर पडणारी लाळ. माझे आकडे झिजत गेले. नसरुद्दीन बॉलपेनने ते पुन्हा गिरवायचा. मला आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन, तेच माझं माहेर.

मग कतारच्या एका धनवान माणसाच्या मनात आलं की आपल्याकडे वाळवंटाला टिकणारी गाय असावी. दोह्याच्या पश्चिमेला, शहानियाच्याही पलीकडे त्याची गुरांची शेती होती. तिथे पंख्यांखाली आणि पाण्याच्या फवाऱ्याखाली उभ्या असलेल्या थोराड पांढऱ्या-काळ्या गाई शेकड्यांनी होत्या. त्याने आफ्रिकेच्या दक्षिणेकडून वीस तांबड्या कालवडी आणि एक वळू मागवला. त्यांच्यासोबत आला नसरुद्दीन, आणि त्याच्या सदऱ्याच्या खिशात मी. अट साधी होती. दोन मोसम बघायचे. गाई दरवर्षी व्याल्या तर कळप वाढवायचा, नाही व्याल्या तर सगळ्या कसायाकडे.

नसरुद्दीनने एकेका कालवडीला कोकणातलं नाव दिलं. सर्वांत लाल होती तिचं नाव रतांबी. रतांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळासारखी, उन्हात काळसर चमकणारी. मी तिला मोजलं तेव्हा ती दोनशे चौऱ्याऐंशी किलो भरली. नसरुद्दीन तिच्या मानेवर थाप मारून म्हणाला, "ही माझी थोरली सून."

शेतीचा मॅनेजर होता नाशिकचा संजीव. हुशार माणूस, मनाने वाईट नाही, पण काचेच्या ऑफिसात बसून स्क्रीनवर गाई पाळणारा. प्रत्येक गाईच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात यंत्र. गाय किती वेळ रवंथ करते तेसुद्धा त्याला खुर्चीत बसून दिसायचं. मला पहिल्यांदा बघून तो हसला.

"चाचा, ही टेप म्युझियमला द्या. आपल्याकडे काटा आहे, डिजिटल."

"असू दे की," नसरुद्दीन म्हणाला. "काटा गाईला आपल्याकडे बोलावतो. फीत घेऊन मला गाईकडे जावं लागतं. जवळ गेल्याशिवाय गाय कळते काय?"

वळू कधी सोडायचा यावरूनही त्यांची जुंपली. संजीव म्हणाला, "चारा इथे बारा महिने ट्रकने येतो चाचा. ऋतू कसला पाळायचा?"

"चारा ट्रकने येतो. ऊन ट्रकने पाठवून द्याल काय?"

उन्हाळ्यात त्या मुलखात गाय माजावर येते कुठे, आणि आली तरी गर्भ टिकतो कुठे! नसरुद्दीनने वळू जानेवारीत सोडला, मार्चअखेर काढून घेतला. वासरं येणार ऑक्टोबरपासून पुढे, हवा निवल्यावर. जुलैत धुळीने त्यांचा तो डिजिटल काटा बंद पडला, तेव्हा चारशे पांढऱ्या-काळ्या वासरांना औषधाचा डोस ठरवायला कोण धावलं? मी. त्या जातीला माझे आकडे जरा कमी-जास्त लागत होते, म्हणून नसरुद्दीनने आधीच निळ्या पेनने नव्या खुणा करून ठेवल्या होत्या. त्या दिवशी संजीवने मला हातात घेऊन "शाब्बास म्हातारे" म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

आता माझ्या मालकाची चूक सांगते. तो मला प्रिय आहे म्हणून झाकणार नाही.

ऑक्टोबरात सगळ्यात आधी रतांबी व्याली. शुक्रवारची सकाळ होती. तांबडी लुसलुशीत पाडी झाली, अर्ध्या तासात उभी राहिली. बातमी ऑफिसात गेली, ऑफिसातून मालकाकडे गेली. तो पाहुण्यांना घेऊन यायला निघाला. संजीवचा फोन, "चाचा, पाडीला घेऊन पुढच्या शेडमध्ये या, फोटो काढायचेत. यल्ला, चला लवकर!" नसरुद्दीनने पाडी उचलली, छातीशी धरली आणि निघाला. रतांबी हंबरत राहिली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो वार पडायच्या आधी गाईपासून उठला.

वाटेत डॉक्टर हाफिजची गाडी भेटली. हाफिज सुदानचा, जनावरांचा पक्का डॉक्टर, बोलणं अरबी आणि हिंदीची खिचडी. त्याला चार गोठे गाठायचे होते. काच खाली करून त्याने एकच शब्द विचारला.

"खलास?"

नसरुद्दीनचं तोंड आनंदाने फुललेलं. "खलास, डॉक्टर, खलास! अलहम्दुलिल्लाह!"

हाफिजने अंगठा दाखवला, कागदावर एक खूण केली आणि गाडी गेली. संध्याकाळी ती खूण संजीवच्या स्क्रीनवर चढली. रतांबीच्या नावापुढे हिरवा ठिपका आला.

नसरुद्दीन फोटो, मिठाई आणि नमाज उरकून परत आला तेव्हा गोठ्यात वार दिसली नाही. गाय कधीकधी ती खाऊन टाकते. त्याला वाटलं, खाल्ली असेल. त्यात हिरवा ठिपका. डॉक्टरनेच तपासलं म्हणायचं, असं त्याने धरलं. हाफिजने धरलं की नसरुद्दीनने सांगितलं. संजीवने धरलं की दोघांनी बघितलं. तिघे शहाणे, आणि गाईच्या मागे जाऊन बघणारा एकही नाही!

मंगळवारी नसरुद्दीन मला घेऊन रतांबीपाशी आला. ती मान खाली घालून उभी होती. त्याने मला तिच्या छातीभोवती ओढलं आणि त्याचा हात थांबला. शनिवारी घेतलेल्या मापापेक्षा चार बोटं कमी. त्याने पुन्हा गुंडाळलं. मी तोच आकडा सांगितला. चौतीस किलो उतरली होती. मग तिने शेपूट हलवली आणि तो वास आला.

ऑफिसात तिघे समोरासमोर आले ती सकाळ मला पाठ आहे. मी नसरुद्दीनच्या मुठीत चुरगळलेली होते.

"वार आत आहे!" नसरुद्दीन ओरडला. "चार दिवस आत आहे! तुम्ही तपासलंत म्हणून लिहिलं कसं?"

"मी विचारलं तुला!" हाफिजही पेटला. "मी विचारलं, खलास? तू बोलला, खलास!"

"हां, खलास! संपलं! व्याली, झालं! आमच्यात खलास म्हणजे संपलं!"

हाफिज खुर्चीत बसला. हळू आवाजात म्हणाला, "आमच्यात ते पण आहे. पण गाय व्याली की आम्ही जे विचारतो... वासरानंतर जे पडतं, त्याचं नाव आमच्या भाषेत खलास. मी विचारलं, ते पडलं का."

एसी घुरघुरत होता. मग संजीव म्हणाला, "आणि आमच्या नाशिकला खलास म्हणजे मेलं."

हाफिज उठून गोठ्याकडे धावला.

हाफिजने त्या गाईसाठी जीव तोडला हे मी सांगितलंच पाहिजे. आतलं ओढून काढलं नाही, ओढलं तर गर्भाशय फाटतं. औषधं, सुया, सलाईन. नऊ दिवस तो आपलं जेवण रतांबीपाशी बसून जेवला. रतांबी वाचली. पण आतून जखमी झाली होती. जानेवारीत वळू सोडला, मार्च संपला. मे महिन्यात हाफिजने हात घालून तपासलं आणि मान हलवली. एकोणीस गाभण. रतांबी रिकामी.

मित्रांनो, नियम तुम्हाला ठाऊक आहे. रिकामी गाय जाते. नसरुद्दीननेच तो नियम मालकाला सांगितला होता, छाती पुढे काढून. आता संजीवपुढे कागद होता आणि कागदावर कारणाची चौकट होती.

"मी 'वांझ' लिहितो चाचा," संजीव म्हणाला. "प्रकरण मिटलं. तुमच्यावर काही येत नाही, डॉक्टरवर येत नाही."

"तुमच्यावर पण येत नाही."

"माझ्यावर पण येत नाही. हां. मग?"

"मग रतांबीवर येतं!" नसरुद्दीन म्हणाला. "आपल्या चौघांत बोलता येत नाही ते तिला एकटीला, म्हणून तिच्यावर? लिहा, गुराख्याची चूक."

"अहो, साठी आली तुमची. चूक लिहिली तर मालक ठेवेल का तुम्हाला गुरांत?"

"लिहा."

संजीवने लिहिलं नाही. तेव्हा नसरुद्दीन स्वतः मालकापुढे गेला, मला खिशात घेऊन. मालक जुन्या वळणाचा, बापाने उंट राखलेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नियम तुझाच ना?"

"माझाच. पण तो नियम गाईच्या खोटीसाठी आहे. ही खोट माझी. मी फोटो काढायला उठलो. तिला एक मोसम द्या. पुढच्या वर्षी रिकामी राहिली तर मी स्वतः तिला गाडीत चढवीन."

मालकाने हातातल्या जपमाळेचे, तस्बीहचे, दोन-चार मणी सारले. मग म्हणाला, "गाईला एक मोसम दिला. तुला नाही." आणि त्याला गुरांमधून काढून चाऱ्याच्या गोदामावर टाकलं.

न्याय होता का? होता. मी फीत आहे, मला मान्य करावं लागतं. पण गुरांच्या माणसाला गुरांपासून दोनशे पावलांवर बसवणं म्हणजे काय, ते ज्याला कळतं त्याला कळतं. संजीवने मात्र एक केलं. दुसऱ्या दिवशी गोठ्यातल्या फळ्यावर त्याने नवा रकाना आखला आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, वार. खाली हिंदीत, अरबीत अर्थ. शेतीवर नेपाळी, बंगाली, सुदानी कितीतरी माणसं. गाय व्याली की त्या सगळ्यांनी एकच शब्द बोलायचा, आणि बघितल्याशिवाय बोलायचा नाही. खलास हा शब्द गोठ्यात बंद.

वर्षभराने करार संपला आणि नसरुद्दीन मुलाकडे, या फ्लॅटमध्ये राहायला आला. मी ड्रॉवरमध्ये आले. इथे माझे काय हाल झाले ते विचारू नका. त्याच्या सुनेने, तसनीमने, मला वापरून पडदे मोजले. नात रिदाने माझी वजनाची बाजू आजोबांच्या पोटाभोवती लावली आणि किंचाळली, "दादा, यू आर नाइन्टी-फोर किलोज! यू आर अ काफ!" नसरुद्दीन पोट धरून हसला. "चार महिन्यांचं वासरू गो मी," म्हणाला. नंतर खिडकीशी जाऊन पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघत बसला. तो गाड्या बघत नव्हता हे मला कळत होतं. मलाही त्या वेळी लाकडी घंटा ऐकू येत होत्या.

याच आठवड्यातली, ऑक्टोबरातली गोष्ट. रत्नागिरीला जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसासोबत खोका पाठवायचा होता. दोरी सापडेना. तसनीमने ड्रॉवर उघडला, मला ओढलं आणि खोक्याभोवती दोन वेढे दिले. गाठ मारणार इतक्यात नसरुद्दीनचा फोन वाजला. पलीकडे हाफिज.

"नसरुद्दीन! रतांबी व्याली. सकाळी. गोऱ्हा आहे, मोठा!"

नसरुद्दीनने गोऱ्ह्याबद्दल एक शब्द विचारला नाही. उभा राहिला, ओट्याला हात टेकला आणि म्हणाला, "वार?"

पलीकडे गोठ्यातले पंखे घोंघावत होते. त्या सुदानी माणसाने, तोंडात नीट न बसणाऱ्या मराठीत, एकेक अक्षर जपून उच्चारलं.

"वार पडली. मी बसून होतो. डोळ्याने बघितली."

नसरुद्दीन खाली बसला. मोदिसेच्या कबरीपाशी आलं नव्हतं ते पाणी आता आलं. रिदा घाबरली. "दादा, व्हॉट हॅपन्ड? वार म्हणजे? लाइक सोमवार, मंगळवार?"

"तसाच गो," तो डोळे पुसत म्हणाला. "आज माझा वार."

मग त्याची नजर खोक्यावर गेली. "तसनीम, बाय माझे, ती सोड. खोक्याला दोरी मी आणतो खालून." त्याने मला सोडवलं, मांडीवर घासून सरळ केलं आणि रिदाच्या हातात दिलं. ती गुंडाळायला लागली, कडी आत धरून. त्याने तिची बोटं थांबवली.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणणार नाही. मी कापडाचा तुकडा आहे, आज ना उद्या विरणार. मला तुमच्याकडून दुसरंच पाहिजे. मुकं जनावर असो, म्हातारं माणूस असो, तान्हं मूल असो, ज्याला स्वतःचं सांगता येत नाही त्याच्याबद्दल कुणी तुम्हाला विचारलं, तर उत्तर देण्याआधी उठा, मागे जा आणि डोळ्यांनी बघा. फोटो नंतर काढता येतो.

रिदाने मला उलगडलं आणि पुन्हा गुंडाळलं. या वेळी शून्य बाहेर. शुक्रवारी आम्ही तिघं, नसरुद्दीन, रिदा आणि मी, शहानियाच्या पलीकडे जाणार आहोत. एका गोऱ्ह्याचं माप घ्यायचं राहिलंय.